गाळ चाळणारे मास्तर

विहिरीचा गाळ काढायला माणसं उतरली, की जळगाव जामोदमध्ये आमच्या शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांना निरोप धाडायची पद्धत पडली होती. निरोप गेला नाही तर ते रागावत. धोतराचा काचा मारून, काखेत चाळण्या आणि खिशात चिमटा घेऊन ते यायचे आणि वर आलेल्या काळ्या गाळाच्या ढिगाशी फतकल मारून बसायचे. टोपलं ओतलं की हे पाणी घालून चाळणार. वर मोठी चाळणी, तिच्याखाली बारीक, तिच्याही खाली मलमलीचं फडकं. उरलेल्या चोथ्यात नाक खुपसून चिमट्यानं काहीतरी वेचणार, तळहातावर धरून बघणार आणि परत गाळात सोडून देणार.

पाण्याला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"काय सापडलं जी मास्तर? सोनं?"

"गोगलगाय हाये. ज्वारीच्या दाण्याएवढी. पाहा."

"अय माय! मंग आता हिचं काय करता?"

"काई नाई. हाये म्हून माहीत झालं, बस."

हे त्यांचं पालुपद होतं. कशाचाही उपयोग विचारला की हेच उत्तर. गावातले रिकामे लोक त्यांना पाठीमागे 'समुद्राचा पटवारी' म्हणत, आणि काही जण तोंडावरही म्हणत. मास्तरांना त्याचा राग येत नसे. ते म्हणत, "बराबर हाये. तेच काम केलं म्या."

मी मलकापूरहून या शाळेत ड्रॉइंगमास्तर म्हणून आलो, तेव्हा ती ए. व्ही. स्कूल, म्हणजे इंग्रजी-मराठी शाळा होती. नागपूरच्या सरकारची ग्रँट, डोक्यावर गावातली कमिटी, आणि पुण्याकडून आणलेले हेडमास्तर. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "त्या सायन्सवाल्यांच्या फार नादी लागू नका. गृहस्थ विद्वान आहे, पण बोलतो गाडीवानासारखा."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मास्तर स्कॉटलंडात शिकून आले होते. तिथून पुढे कितीतरी वर्षं ते एका पाहणीच्या जहाजावर होते. हे जहाज दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात फिरून तळाशी कोणते बारके जीव राहतात याचा शोध घ्यायचं. इन्स्पेक्टर शाळा तपासायला आला की मास्तर असं इंग्रजी बोलत की इन्स्पेक्टर पुढचं वाक्य मनात जुळवत बसायचा. पण मराठी म्हटली की त्यांच्याजवळ एकच होती, त्यांच्या आईची. ती ते कमिटीच्या अध्यक्षांशी बोलत, भंग्याशी बोलत आणि हेडमास्तरांशीही बोलत.

"अहो, निदान वर्गात तरी 'मला' म्हणा," हेडमास्तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले.

"मले नाई जमत," मास्तर म्हणाले. त्यांनी हे मुद्दाम म्हटलं की सहज, ते मला आजवर कळलेलं नाही. आम्ही हसलो तेव्हा ते हसले नव्हते.

एवढा शिकलेला माणूस जळगावच्या मिडल स्कुलात पोरांना लोहचुंबक शिकवत का बसला होता? परतल्यावर ते नागपूरच्या एका कॉलेजात जागेसाठी गेले होते. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "आमच्या प्रांतात कापूस होतो, संत्री होतात. तुमच्या त्या बर्फाच्या पाण्यातल्या किड्यांचा आम्हांला उपयोग काय?" मास्तरांनी सांगितलं, "काई नाई." आणि उठून आले.

मी म्हटलं, "बोंडअळीबद्दल काही बोलला असता तर घेतलं असतं तुम्हाला."

"बोललो असतो ना. पण त्यायनं बोंडअळीचं कुठं इचारलं? त्यायनं उपयोग इचारला. खोटं काऊन सांगू?"

असा हा माणूस. अशा माणसाचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नकोच.

त्या जहाजावरचं काम त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. ते सांगायला लागले की त्यांचे हात हलायचे, जणू काही ओढतायत. जहाज ठरलेल्या जागी थांबे. तारेला वजन बांधून खोली मोजत. मग लोखंडी चौकटीचं जाळं खाली सोडत. ते तळावर घासत न्यायचं आणि वाफेच्या यंत्रावर वर ओढायचं. ओढणं संपतच नसे. शेवटी जाळं डेकवर रिकामं केलं की करड्या चिखलाचा ढीग पडे. त्यात बर्फाच्या डोंगरांनी कुठून कुठून आणून टाकलेले दगडगोटे असत. त्या चिखलात मास्तर चाळण्या घेऊन बसत. पाणी बर्फाहून थंड, खारं म्हणून गोठत नाही एवढंच. बोटांना चिमटा लागलेला कळत नसे. बोट फुटून रक्त चिखलात मिसळलं की तेव्हा कळे.

"अन् त्या चिखलात काय असते, माहीत हाये? सारं गाव असते. पाच हाताच्या चांदण्या, नखाएवढ्या. शिंपले, तांदुळाएवढे. झिंग्यासारखे बारके बारके जीव. नळीसारखं घर करून राह्यणाऱ्या अळ्या. उजेड कधी पाह्यला नाई त्यायनं. लय हळू वाढते सारं तिथं. पण वाढते."

साहेब लोक केबिनीत बसून त्या जीवांना ओळखायचे. मास्तरांचं काम वेचायचं, धुवायचं, बरण्यांत भरायचं. पण त्याबद्दल त्यांच्या बोलण्यात कडवटपणा कधी आला नाही. कडवटपणा इकडच्या गोष्टींचा होता.

परतताना जास्तीचे नमुने त्यांना भेट मिळाले होते. पेंढ्यात गुंडाळलेल्या, स्पिरिटनं भरलेल्या बरण्यांची एक सागवानी पेटी. त्या पेटीपायी त्यांना गावात खोली मिळेना. मेलेले किडे घरात ठेवणारा भाडेकरू कोणालाच नको होता. शेवटी कापसाची दलाली करणाऱ्या एका म्हाताऱ्या खाँसाहेबांनी आपल्या घरामागच्या खोल्या दिल्या. खाँसाहेब रोज सकाळी फजरची नमाज आटोपून अंगणात आले की हाक मारत, "मास्टरजी, आपके मुर्दे खैरियत से हैं?"

"हाव जी, मजेत हायेत," मास्तर आतून ओरडत.

जळगावचा उन्हाळा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी पेटलेली भट्टी. त्या उन्हात बरण्यांमधलं स्पिरिट उडून जाई. मास्तर बुचांना मेण लावत, आणि आपण पिण्याच्या पाण्याच्या माठाला गुंडाळतो तसं ओलं तरट प्रत्येक बरणीला गुंडाळत. शाळेतून मधल्या सुट्टीत ते घरी जायचे ते तरट भिजवायला. स्वतः घामानं थबथबलेले, आणि हातात पाण्याची झारी. मी म्हटलं, "अहो, मेलेत ते." ते म्हणाले, "मेले हायेत. पण थंडीतले हायेत ना."

मला त्यांनी पहिल्यांदा घरी नेलं ते एका बरणीसाठी. "ड्राइंगमास्तर, याचं चित्र काढता काय?" म्हणून त्यांनी भिंगाखाली बशी सरकवली. बशीत एक कोळी होता. म्हणजे मला तरी कोळीच वाटला. अंग जवळजवळ नाहीच, नुसते पाय. नखावर मावेल एवढा. पोटाशी दोन बारीक जादा पाय होते आणि त्यांना मोहरीपेक्षा लहान गोळ्यांचे झुबके चिकटले होते.

"समुद्रकोयी. त्या गोया म्हंजे अंडे हायेत."

"मादी आहे मग."

"नाई. हा बाप हाये. मादी अंडे देते अन् चालली जाते. नर ते उचलते अन् पिल्लं निघेपर्यंत अंगावर वागोते. त्याच्यासाठीच ते जादा पाय हायेत त्याले."

मी भिंगातून डोळा काढला. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना एक मुलगा आहे आणि तो आजोळी पिंपळगाव राजाला वाढला, हे मी तोवर स्टाफरूममध्ये ऐकलं होतं. सासरे मोठे जमीनदार होते. शेतकीचं शिकून जावई साहेब होऊन येईल म्हणून त्यांनीच हौसेनं विलायतेला धाडलं. जावई समुद्राच्या नादी लागला. शिक्षण संपल्यावर एकदाच घरी येऊन गेला, तो सरळ जहाजावर. इकडे पोरगं अंगावर पीत असतानाच बायको तापानं गेली. तार बंदरावर जाऊन पडून राहिली. जहाज परतलं तेव्हा मास्तरांच्या हाती आली.

मला माहीत होतं की तार मिळाल्यावर ते घरी आले नाहीत. ते पुढच्या सफरीवर गेले, आणि तिच्याही पुढच्या. ओळख जुनी झाल्यावर एकदा मी विचारलंच.

"येऊन काय करतो?" ते म्हणाले. "मेली होती ते."

"मुलगा होता."

ते म्हणाले, "पोट्टा तवा माह्यासाठी तारेतला एक शब्द होता, ड्राइंगमास्तर. जाळ्यातून येणारे जीव हातात दिसत होते. पोट्टा दिसत नव्हता."

माझी स्वतःची मुलं त्या वेळी घरी रांगत होती. त्या दिवशी मला त्यांचा रागच आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. आपण ज्या माणसाची कीव करतो त्याचा रागही येतोच, हे त्यांच्यामुळे मला कळलं.

हिंदुस्थानात परतल्यावर ते पिंपळगावला गेले होते. मेव्हण्यानं ओसरीवर बसवून चहा दिला. पोरगा आतून आला, पाया पडला आणि परत आत गेला. त्यानंतर वर्षाकाठी एकदा मास्तर पिंपळगावला जात, तसाच चहा पीत आणि परत येत. येताना मोटारीत उलटी होते म्हणून ते मोटारीला शिव्या देत.

मग एका माघात मेव्हणा स्वतः शाळेत आला. जरीकाठी उपरणं, हातात चांदीच्या मुठीची काठी. मधली सुट्टी होती. स्टाफरूममध्ये मी होतो, पण मी उठू लागलो तर मास्तरांनी मला हातानं बसवलं.

"भाऊजी, पोराचं लगन जमलं. उंद्रीचं स्थळ हाये. घर चांगलं हाये."

"बरं झालं," मास्तर म्हणाले.

"पण पोरीचा आजा कडक माळकरी हाये. त्याच्या कानावर गेलं का पोराचा बाप समुद्रापार गेलता, तिथं काय काय खाल्लं. पेंग्विन का काय ते."

"खाल्लं. लय वशाट लागते."

"पाहा! असं कोनाले सांगू नोका, भाऊजी. तो म्हातारा म्हन्ते, बाप शुद्ध होत असन तर लगन. भटजी बोलावून परायश्चित्त घ्या. मुंडन, पंचगव्य. अन् त्या घरातल्या मेलेल्या बरण्या फेका. त्या असल्यावर शुद्धी होत नाई, असं तो म्हन्ते."

मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. आता हे त्या माणसाला वाटेला लावणार, अशी माझी खात्री होती. ज्यांनी नागपूरच्या खुर्च्यांपुढे एक खोटं वाक्य बोलायचं नाकारलं, ते हे कसं ऐकून घेतील?

"पोट्टा काय म्हन्ते?" मास्तरांनी विचारलं.

"तो काय म्हनन? मोठे ठरोतीन ते."

"मी लगनात राहू काय मंग? त्याच्याजवय उभा राहू?"

"राहा ना. त्याच्यासाठीच त हे सारं."

"करतो," मास्तर म्हणाले. "सारं करतो."

मेव्हणा गेल्यावर मी भडकलो. मी म्हटलं, तुम्ही आयुष्य घातलं त्या बरण्यांपायी, आणि एका माळकरी म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून उकिरड्यावर टाकणार? ते शांतपणे चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "आयुष्य घातलं म्हूनच म्हन्तो. आता दुसरीकडं घालून पाहू."

रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेर नाल्याच्या काठाला गेलो. खाँसाहेबांनी आपली छकडी दिली आणि स्वतःही आले. मास्तरांनी कुदळीनं खड्डा खणला. मला खणू दिलं नाही. एकेक बरणी उघडून ते आतले जीव मातीत ओतत गेले. स्पिरिटचा वास सुटला. चांदण्या, शिंपले, झिंगे, सगळे पिवळट, ओले. ऊन लागल्याबरोबर वाळायला लागले. मास्तर घाईघाईनं माती ओढत होते, जणू काही त्यांना ऊन लागू नये. खाँसाहेबांनी दोन्ही हात उचलून काहीतरी पुटपुटलं. मास्तर म्हणाले, "खाँसाब, ये जनावर थे." खाँसाहेब म्हणाले, "तो क्या हुआ, मास्टरजी. मेहमान थे."

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मास्तर माझ्याकडे आले. "ते समुद्रकोयीचं चित्र मोठं करून द्या. रंगीत. पोट्ट्याले द्याचं हाये लगनात."

"लग्नात कोळ्याचं चित्र देणार?"

"मले दुसरं काय येते?"

मी चित्र काढलं. मन लावून काढलं. पायांचा फिकट केशरी रंग, मागे काळंनिळं पाणी, पोटाशी अंड्यांचे झुबके. काच लावून त्यांनी फ्रेम करून घेतली. आम्ही पिंपळगावला गेलो. तिथं भटजींनी मास्तरांना ओसरीसमोर बसवलं. न्हाव्यानं डोकं भादरलं, मिशी काढली. पंचगव्याची वाटी त्यांनी एका घोटात संपवली. आजूबाजूला पोरं हसत होती. मुलगा तिथं नव्हता. तो खरेदीला खामगावला गेला होता, असं सांगण्यात आलं.

उंद्रीचं लग्न थाटाचं झालं. मांडवात मास्तर पुढे जाऊ लागले तेव्हा मेव्हण्यानं त्यांचा दंड धरला. "भाऊजी, म्हातारा अजून कुरकुर करून राह्यला. तुम्ही इकडंच बसा. अंतरपाट दिसते इथून." मास्तर जिथं बसले तिथून अंतरपाट दिसत नव्हता. वाजंत्रीवाल्यांच्या पाठी दिसत होत्या. अक्षता त्यांनी त्या पाठींच्या दिशेनं टाकल्या.

जेवायला आम्हाला मांडवात बसवलं नाही. गोठ्याकडच्या बाजूला गाडीवानांची पंगत होती, तिथं पत्रावळी मांडल्या. मी उठलो. मास्तरांनी मला खाली ओढलं. "बसा, ड्राइंगमास्तर. बुंदी तेच हाये." आणि ते जेवले. मी जेवू शकलो नाही.

दुपार कलल्यावर मुलगा आला. मामानं पाठवला असावा. कपाळावर बाशिंगाची खूण, अंगात रेशमी कोट. कपाळ, नाक, उभं राहण्याची ढब, सगळं मास्तरांचं. तो खाली वाकून पाया पडला. मास्तरांनी गडबडीनं कापडातून फ्रेम काढली.

"हे तुह्यासाठी."

त्यानं ती हातात घेतली. "काय हाये हे?"

"समुद्रकोयी. लय दक्षिणेकडं, लय थंड पाण्यात राह्यते, खोल. म्या सोता काढलाय चिखलातून."

"अन् ह्या गोया?"

"अंडे. पिल्लं निघेपर्यंत अंगावरच वागोते."

"मायच्या अंगावर," मुलगा म्हणाला.

इथं मास्तरांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? पण त्यांना खोटं सांगता येत नव्हतं. तेवढी एक गोष्ट भटजींच्या हातूनही धुऊन निघाली नव्हती.

"नाई," ते म्हणाले. "हा बाप हाये. माय चालली जाते. मंग बापच वागोते."

मुलानं चित्र जवळ धरून पाहिलं. मग त्यानं मान वर केली. आवाज चढवला नाही. मोठ्या माणसाशी बोलावं तसा अदबीनं बोलला.

"हे तुम्ही मले सांगून राह्यले?"

मास्तरांनी फ्रेमचं कापड हाताभोवती गुंडाळलं.

"मंग किड्यालेही समजते म्हना ना."

"हो," मास्तर म्हणाले. "त्याले समजते."

मुलानं फ्रेम जवळच्या सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर पालथी ठेवली आणि कोट सावरत मांडवाकडे निघून गेला. मास्तर पोत्याकडे बघत उभे राहिले. एक बैल मान लांबवून ते पोतं हुंगत होता, म्हणून मी पुढे होऊन फ्रेम उचलू लागलो. "राहू द्या," ते म्हणाले. "त्याले देली हाये. त्याची हाये."

परतीच्या मोटारीत त्यांना उलटी झाली नाही. खामगाव मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, "बराबर बोलला पोट्टा. इतक्या वर्षांत मले एवढा नेमका इद्यार्थी नाई भेटला." आणि हसले. तो हसण्याचा आवाज मला नको झाला होता.

त्यानंतर विहिरींवर निरोप गेले तरी मास्तर येईनासे झाले. बायांनी एकदोन उन्हाळे चौकशी केली, मग सोडून दिली. डोक्यावरचे केस परत आले ते सगळे पांढरे. वर्गात ते हेडमास्तरांनी लावून दिलेला धडा शिकवू लागले: गाईचे उपयोग. दूध, शेण, कातडं, शिंगं. पोरांकडून पाठ करून घेत. त्या वर्षी इन्स्पेक्टरनं शेऱ्यात त्यांची तारीफ केली आणि हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मास्तरांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला. खाँसाहेब सकाळी अंगणात येत, पण आता हाक मारायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. ते नुसतं खाकरत.

मास्तर आजारी पडले ते वैशाखात. आधी ताप, मग छातीत कफ. सरकारी डॉक्टर येऊन औषधाची बाटली देऊन गेला. बाजाराला आलेल्या पिंपळगावच्या एका माणसाजवळ मी मुलाला निरोप धाडला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी आला.

त्यानं कशातच उणं ठेवलं नाही. बापाला उठवलं, बसवलं, अंग पुसलं, चादरी धुतल्या, घास भरवला. खाँसाहेबांच्या घरचं पाणी चालतं का म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "त्यायले चालते ना? मंग बस." पण बापाशी बोलला नाही. "पाणी देऊ?" "औषध घ्या." एवढंच. मास्तर त्याच्याकडे टक लावून बघत असायचे, भिंगाखालच्या बशीकडे बघावं तसे. एकदा मुलगा उशी सारखी करायला वाकला तेव्हा मास्तरांचा हात त्याच्या कानाजवळ गेला. मुलानं तो हात धरला, चादरीखाली व्यवस्थित ठेवला आणि औषधाची बाटली आणायला उठला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

ते एका सकाळी गेले. मुलानं अग्नी दिला, डोकं भादरलं, अस्थी नदीत सोडल्या. भटजींनी जे जे सांगितलं ते सारं एका शब्दानंही कमी न करता केलं. कमिटीनं शोकसभा घेतली. हेडमास्तर म्हणाले की दिवंगत गृहस्थ काहीसे विक्षिप्त असले तरी गोपालनाच्या विषयात त्यांची विशेष गती होती. मुलगा मागच्या बाकावर हात जोडून बसला होता. त्यानं ते ऐकलं की नाही, माहीत नाही.

दिवस झाल्यावर मी त्याला मोटारीच्या अड्ड्यावर पोचवायला गेलो. मोटार सुटायला वेळ होता. ड्रायव्हर हँडल मारत होता आणि इंजिन धरत नव्हतं. आम्ही लिंबाच्या सावलीत उभे होतो. तो बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिला.

"ड्राइंगमास्तर, एक इचारू?"

"विचार ना."

"त्यायनं कधी माह्यं नाव घेतलं काय? तुमच्याजवय?"

इतक्या वर्षांत मास्तरांच्या तोंडून मी 'पोट्टा' ऐकलं होतं, 'पिंपळगावचा' ऐकलं होतं. नाव एकदाही ऐकलं नव्हतं. पण समोर भादरलेल्या डोक्याचा तो जवान पोरगा उभा होता, त्याच्या बापाचंच कपाळ घेऊन.

"घेतलं," मी म्हटलं. "पुष्कळदा घेतलं."

"कोनतं?"

त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं नाव मी सांगितलं.

त्यानं हळूच मान हलवली. इंजिन धरलं, मोटार थरथरायला लागली. तो पिशवी उचलून पायरीवर चढला आणि तिथून वळून म्हणाला, "ते मामानं शाळेत घालतानी लिवलं. मायनं ठेवलेलं येगळं हाये."

ते कोणतं, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.